ब्लूरच्या कडेनं

टोरांटोच्या ब्लूर स्ट्रीटवर सकाळी साडेआठच्या सुमारास शहर दोन चालींनी पुढे जात असतं. मधोमध मोटारी, सरकतात, थबकतात, पुन्हा वीतभर सरकतात. आणि कडेला, फुटपाथ आणि उभ्या करून ठेवलेल्या मोटारी यांच्या सांदीत, सायकलींचा पट्टा. मधूनमधून लवचीक खांब, गाडीचा धक्का बसला की वाकून पुन्हा ताठ होणारे. त्यातल्या पुष्कळांच्या अंगावर टायरचे काळे वळ आहेत.

या सांदीतून कोण कोण जातं ते बघत राहायला मला आवडतं. विद्यापीठाकडे निघालेली मुलं. कोटाची टोकं उडू नयेत म्हणून ती मांडीखाली दाबून बसलेल्या वयस्कर बाई. पुढच्या लाकडी खोक्यात दोन पोरं बसवून वर पावसाचं प्लास्टिक ओढलेला बाप. आणि पाठीवर चौकोनी पिशव्या लादलेली आपल्याकडची डिलिव्हरीवाली पोरं. सिग्नलला थांबलं की त्यांचं फोनवरचं बोलणं कानावर पडतं, पंजाबी, गुजराती, तेलुगू. एकदा मराठी आलं: “हो गं आई, जेवलोय मी.” पाठीवर दुसऱ्या कुणाचं तरी जेवण होतं. सिग्नल सुटला आणि तो भुर्रकन निघून गेला.

हा पट्टा उखडायचं ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारनं २०२४ च्या ऑक्टोबरात मनावर घेतलं. ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यू या तीन रस्त्यांवरचे सायकल ट्रॅक काढायचे, मोटारींना त्यांची लेन परत द्यायची, म्हणजे कोंडी सुटेल. नोव्हेंबरात कायदा झालासुद्धा. रस्ते शहराचे, पण हुकूम प्रांताचा. पट्टे काढण्याचा खर्च शहराच्या अधिकाऱ्यांनी ४.८ कोटी डॉलर काढला. प्रीमियर डग फोर्ड यांना तो आकडा पटला नाही. महापौर ऑलिव्हिया चाऊ यांची फुलांनी सजवलेली सायकल या शहराच्या ओळखीची आहे, त्यामुळे त्या कुठल्या बाजूला उभ्या राहणार हे कुणाला विचारावं लागलं नाही.

तसा हा दुसरा प्रयोग. २०१२ साली डग यांचे धाकटे बंधू रॉब फोर्ड महापौर असताना जार्व्हिस स्ट्रीटवरचे पट्टे जेमतेम दोन वर्षांत पुसले गेले होते. रंग खरवडणारा ट्रक आला तेव्हा काहीजण सरळ त्याच्यापुढे रस्त्यावर बसले. पट्टे वाचले नाहीत. या वेळी मात्र शेकडो सायकली विधानसभेवर, क्वीन्स पार्कला गेल्या. अंधार लवकर पडण्याचे दिवस. दिव्यांची लांबच लांब माळ, आणि सगळ्यांच्या घंट्या एकदम. घंटीसारख्या किरकोळ वस्तूतून एवढा राग व्यक्त होऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

ही माणसं आली कुठून, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे. ब्लूरवर २०१६ मध्ये चाचणी म्हणून पट्टा आखला, तेव्हा दिवसाला तीन हजार तीनशेच्या आसपास सायकली जायच्या. वर्षभरात त्या चार हजार नऊशेच्या घरात गेल्या. म्हणजे आधी पट्टा आला, मग त्याची माणसं आली. मोटारींच्या धाकानं जी घरात होती, बसमध्ये होती, ती हळूहळू बाहेर पडली. आणि एकदा बाहेर पडलेल्या माणसाला पुन्हा आत जा म्हणणं सोपं नसतं.

माझं पुण्याचं मन इथे हटकून अडखळतं. पुण्यात सायकल ट्रॅक काढण्यासाठी कधी कायदा करावा लागला नाही. सातारा रस्त्यावर बीआरटीबरोबर ट्रॅक आले; मग त्यांवर टपऱ्या आल्या, डीपी आले, दुचाक्या उभ्या राहिल्या, कुठे ट्रॅक थेट झाडाच्या बुंध्याशी जाऊन संपला. निषेध कोण करणार? एकेकाळी लक्ष्मी रस्ता भरून वाहणारी सायकलवाली माणसं तोवर स्कूटरवर चढली होती. तिथे माणसं आधी गेली, ट्रॅक नंतर आले. आपण सायकलींच्या शहराचे म्हणून अजून मिरवतो, ते ठीकच आहे.

पट्ट्यांच्या विरोधकांनाही त्यांची बाजू आहे. चाचणीत मोटारींचा प्रवास काही मिनिटांनी लांबला होता, हे शहरानं स्वतः मोजलं होतं. पश्चिमेला एटोबिकोकडे घरं पांगलेली, हिवाळा कडक, आणि तिथल्या काही दुकानदारांना खरंच वाटतं की गिऱ्हाईक मोटारीतून उतरतं. ब्लूरवरच्याच अ‍ॅनेक्स भागातल्या दुकानदारांनाही तसंच वाटायचं. २००९ च्या पाहणीत गिऱ्हाइकांनाच विचारलं, तेव्हा मोटारीनं येणारे दहातले जेमतेम एक निघाले. गल्ल्यामागे बसलेल्याला दाराशी लागलेली मोटार दिसते, चालत आलेल्याची चप्पल दिसत नाही.

राहिली कोंडी. लेन वाढवली की काही काळ बरं वाटतं, मग त्या मोकळ्या जागेच्या लोभानं आणखी मोटारी निघतात. वाहतुकीचा अभ्यास करणारे हे कित्येक दशकं सांगत आले आहेत. याच शहराच्या उत्तरेला हायवे ४०१ आहे, काही ठिकाणी अठरा लेनचा. त्याच्या कडेला एकही सायकल नाही. संध्याकाळी पाचला तिथे जाऊन बघावं.

२०२४ च्या जुलैत, कायद्याच्या चारच महिने आधी, ब्लूरवरच अ‍ॅव्हेन्यू रोडजवळ सायकलच्या पट्ट्यात बांधकामाच्या राडारोड्याचा मोठा डबा ठेवलेला होता. चोवीस वर्षांची एक मुलगी तो चुकवायला मोटारींच्या लेनमध्ये आली आणि ट्रकखाली गेली. अशा जागी इथले लोक पांढरी रंगवलेली सायकल खांबाला साखळीनं बांधतात. पट्टा काही फूट नसला तर काय होतं, याचा दाखला सरकारपुढे ताजा होता.

प्रकरण कोर्टात गेलं. २०२५ च्या जुलैत न्यायमूर्ती पॉल शाबास यांनी निकाल दिला, की पट्टे काढणं कॅनडाच्या हक्कसनदेतल्या जीविताच्या आणि सुरक्षिततेच्या हक्काला धरून नाही. सायकल ट्रॅक मिळणं हा कुणाचा हक्क आहे, असं ते म्हणाले नाहीत. पण असलेला काढून घ्यायचा, त्यानं माणसं जखमी होतील, मरतील हे माहीत असताना काढून घ्यायचा, आणि ज्या कोंडीसाठी काढायचा ती सुटेल याला पुरावा नाही, हे चालणार नाही, असा त्याचा मथितार्थ. सरकारला मिळालेल्या सल्ल्यांतही हेच इशारे होते. सरकार अपिलात गेलं.

माझ्या डोक्यातून त्या कायद्यातलं एक कलम जात नाही. विधेयक मंजूर होता होता ते त्यात घातलं गेलं. पट्टे काढल्यामुळे कुणाला इजा झाली किंवा कुणी दगावलं, तर सरकारवर दावा लावता येणार नाही. वरच्या कलमांतून कोंडी सुटत होती, वेळ वाचत होता, कुणाचंच काही बिघडत नव्हतं. मग खाली हे कुणाला उद्देशून लिहिलं होतं?