राखणदार

मध्य लिथुएनियात डोंगर नाहीत. नेवेझिस नदीच्या दोन्ही काठांना शेते क्षितिजापर्यंत पसरलेली असतात. ऑगस्टच्या अखेरीस गहू कापून झालेला होता, शेतांत पेंढ्याचे गोल भारे पडून होते आणि विजेच्या खांबांवरची करकोच्यांची घरटी रिकामी झाली होती. करकोचा हा या देशाचा राष्ट्रीय पक्षी. उन्हाळा ओसरू लागला की त्याचे थवे आफ्रिकेची वाट धरतात. अशा सपाट मुलखात दुरून नजरेत भरतात त्या दोनच गोष्टी : चर्चचा मनोरा आणि जुन्या झाडांचा दाट पुंजका. पुंजका दिसला की समजावे, तिथे जमीनदाराचा वाडा आहे किंवा एके काळी होता. वाड्याच्या वाटेवर दुतर्फा लावलेले लिंडन आणि ओक वाडा पडल्यावरही उभेच राहतात.

माझी भाची कौनासला वैद्यकीय शिकते. तिच्या विद्यापीठात भारतीय मुले बरीच आहेत. वॉर्डात रुग्णांशी बोलावे लागते म्हणून तिने लिथुएनियन शिकून घेतली आहे, आणि तिच्याच भरवशावर आम्ही दोघी भाड्याची गाडी घेऊन सकाळी निघालो. बेत साधा होता. आधी केदाइनियाई, मग नदीच्या काठाने वर शेतेनियाई, श्वेंतिब्रास्तिस आणि शेवटी पाबेर्झे. मला पाहायच्या होत्या इमारती. पण दिवसभर मनात घोळत राहिली ती माणसे, ज्यांनी त्या टिकवल्या. त्यांतल्या फारच थोड्यांचे नाव सातबाऱ्यावर असते.

केदाइनियाई हे राद्विला सरदारांचे गाव. हे घराणे कॅल्व्हिन पंथाचे. सतराव्या शतकात त्यांनी लुथेरन, कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, ज्यू आणि स्कॉटलंडहून आलेल्या व्यापाऱ्यांना या लहानशा गावात घरे-दुकाने थाटू दिली. त्यांनी बांधलेले कॅल्व्हिन चर्च अजून उभे आहे. भिंती पांढऱ्या, चित्र नाही, मूर्ती नाही, फक्त काळपट ओकचे कोरीव व्यासपीठ. सोव्हिएत काळात या वास्तूचा उपयोग कोठार म्हणून झाला, क्रीडागृह म्हणूनही झाला. चर्चच्या तळघरात सहा शवपेट्या आहेत. सर्वांत भव्य पेटी योनुशास राद्विलाची. १६५५ साली मॉस्कोच्या फौजा विल्नियसमध्ये शिरल्या तेव्हा त्याने पोलंडशी असलेले पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते तोडले आणि स्वीडनशी करार केला. तो करार याच गावातला. ते वर्ष सरता सरता तो वारलाही. पोलिश वाचकांच्या मनात तो गद्दार आहे. सिएन्किएविचच्या ‘महापूर’ या कादंबरीने ती प्रतिमा पक्की केली. लिथुएनियन माणूस त्याच्याकडे इतक्या कठोरपणे पाहत नाही.

मी मात्र रेंगाळले ती त्याच्या पेटीशी नाही. शेजारी चार लहान पेट्या आहेत, योनुशासच्या भावंडांच्या. चौघेही अजाण वयात गेलेले. धातूच्या त्या पेट्यांवर मोठ्यांच्या पेट्यांइतकेच मन लावून काम केले आहे. अक्षरे तितक्याच काळजीने कोरलेली आहेत. फरक फक्त लांबीचा. सरदाराचे राजकारण चुकले की बरोबर होते, यावर साडेतीनशे वर्षे वाद चालू आहे. या चार पेट्यांबद्दल कुणाला काही वाद घालायचा नाही. तज्ज्ञांनी त्या गंज काढून, जोडून पुन्हा उभ्या केल्या आहेत.

चर्चपासून चालत गेले की जुन्या बाजारचौकात दोन सिनेगॉग शेजारी शेजारी आहेत, एक उन्हाळ्याचे आणि एक हिवाळ्याचे. हिवाळ्याच्या सिनेगॉगमध्ये आता संग्रहालय आणि सांस्कृतिक केंद्र आहे, दुसऱ्यात मुले चित्रकला शिकतात. दोन्ही इमारती छान रंगवलेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या गावातली निम्म्याहून अधिक वस्ती ज्यूंची होती. केदाइनियाईची काकडी आजही देशभर प्रसिद्ध आहे आणि तिच्या मळ्यांत तेव्हा ज्यू कुटुंबेही राबत होती. २८ ऑगस्ट १९४१ रोजी गावाबाहेर खणलेल्या चरापाशी त्यांना नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. त्या मोहिमेचा जर्मन अधिकारी येगर याने नंतर आपल्या वरिष्ठांना हिशेब पाठवला. केदाइनियाईसमोर त्याने आकडे लिहिले : ७१० पुरुष, ७६७ स्त्रिया, ५९९ मुले. एकूण २,०७६. जर्मनांच्या बरोबरीने स्थानिक लिथुएनियन माणसेही या कामात होती.

भाची बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मावशी, इतकी सुंदर डागडुजी केली आहे आणि इथे प्रार्थना करायला एकही माणूस उरलेला नाही.” तिचे खरे होते. इमारत वाचवणे आणि ती ज्यांची होती त्यांना वाचवणे, ही दोन अगदी वेगळी कामे आहेत. पहिले जमले म्हणून दुसरे न केल्याचा डाग पुसत नाही. तरीही तो चौक रिकामा पाडून तिथे वाहनतळ केला असता, तर या माणसांविषयी प्रश्न विचारायलाही कुणी थांबले नसते. चित्रकलेच्या वर्गातून मुले बाहेर पडत होती. ती कोणत्या घरात चित्रे काढतात, हे त्यांना शाळेत सांगितले जात असावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

रेल्वे स्थानकाजवळच्या बागेत एक मिनार आहे. तो मशिदीचा नाही. सेवास्तोपोलची तटबंदी उभारणाऱ्या आणि पुढे तुर्कांविरुद्ध प्लेव्हनाचा वेढा चालवणाऱ्या जनरल तोतलेबेनने तो १८८० साली आपल्या वाड्याच्या आवारात बांधला. वाडा दुसऱ्या महायुद्धात गेला, मिनार राहिला. पाच मिनिटे थांबून आम्ही पुढे निघालो.

शेतेनियाईला पोहोचल्यावर गाडी कुठे लावायची हेच कळेना, कारण तिथे पाहण्यासारखे म्हणून जे शोधायचे ते नाहीच. चेस्लाव मिलोश इथे ३० जून १९११ रोजी जन्मला, आजोळच्या कुनात घराण्याच्या वाड्यात. भाषेने पोलिश, मातीने लिथुएनियन आणि कागदोपत्री तेव्हा रशियन साम्राज्याचा प्रजाजन. पुढे पॅरिसमध्ये निर्वासित असताना त्याने ‘इस्साचे खोरे’ ही कादंबरी लिहिली. तिच्यातली नदी म्हणजे हीच नेवेझिस. १९८० साली त्याला नोबेल मिळाले. १९९२ साली तो पन्नासाहून अधिक वर्षांनी इथे परत आला, तेव्हा घर उरले नव्हते. वाड्याचे जुने धान्याचे कोठार नंतर नीट उभारून तिथे साहित्यविषयक कार्यक्रमांसाठी जागा केली आहे. बाकी आहेत झाडे, एक उतार आणि खाली संथ वाहणारी नदी.

या उतारावर उभे राहून वाड्यांच्या प्रश्नाचा विचार करणे सोपे नाही. वाड्यातली माणसे पोलिश बोलत, शेतात राबणारी लिथुएनियन. १८६१ पर्यंत शेतकरी वेठबिगार होते. १९१८ साली देश स्वतंत्र झाला आणि १९२२ च्या जमीन सुधारणा कायद्याने जमीनदाराकडे ८० हेक्टर ठेवून बाकीची जमीन भूमिहीनांना आणि स्वातंत्र्यलढ्यातल्या सैनिकांना वाटली. कुळकायद्याच्या गोष्टी ज्या घरांत अजून निघतात, त्या घरातल्या माणसाला यातले दुःख आणि यातला न्याय दोन्ही वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. पुढे १९४० साली सोव्हिएत सत्ता आली. उरलेल्या मालकांना पळ काढावा लागला किंवा सैबेरियाची वाट धरावी लागली. वाड्यांत सामूहिक शेतीची कचेरी, शाळा, नाहीतर खताचे गुदाम आले. त्यामुळे आज एखाद्या वाड्याचे छप्पर शाकारले जाते तेव्हा ते बहुधा त्या घराण्याच्या वंशजाकडून होत नाही. ज्यांच्या पणज्यांनी त्या अंगणात वेठ केली, त्यांची नातवंडे-पतवंडे ते करतात. यात मला फार मोठा मनाचा मोठेपणा दिसतो. जो वारसा आपल्याला कुणी दिलाच नव्हता, तो त्यांनी आपला मानला.

शेतेनियाईपासून जवळच काल्नाबेर्झे आहे. रशियाचा पंतप्रधान स्तोलिपिन याची ती जहागीर. मिलोश जन्मला त्याच वर्षी स्तोलिपिनवर कीव्हमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या. आम्ही तिकडे वळलो नाही. श्वेंतिब्रास्तिसला मात्र थांबलो. ओकच्या प्रचंड झाडांमध्ये अठराव्या शतकातले लाकडी चर्च आहे. मिलोशचा बाप्तिस्मा इथलाच. आवारात त्याच्या आजोळच्या माणसांच्या कबरी आहेत आणि १८६३ च्या उठावात पडलेल्यांच्याही. ओकच्या सालीवर हात ठेवला तर कोरडी, खोल भेगांची. बोट आत जाईल इतक्या खोल.

१८६३ हे साल या खोऱ्यात पुन्हा पुन्हा समोर येते. झारविरुद्ध उठाव झाला, तो चिरडला गेला आणि मग शिक्षा भाषेला आणि धर्माला झाली. लॅटिन लिपीतली लिथुएनियन पुस्तके छापण्यावर बंदी आली. ती १९०४ पर्यंत टिकली. चाळीस वर्षे लोक प्रशियात छापलेली प्रार्थनापुस्तके आणि बाराखड्या पोत्यांत लपवून सीमेपलीकडून आणत राहिले. रस्त्याच्या कडेला क्रूस उभारण्यावरही बंदी आली. आणि याच काळात विन्त्सास स्विर्स्किस हा सुतार-शिल्पकार या गावांतून हिंडत होता. जन्म १८३५, मृत्यू १९१६. ज्या शेतकऱ्याकडे काम मिळेल त्याच्या घरी मुक्काम, तिथेच जेवण, आणि त्याच्या अंगणासाठी ओकच्या एका अखंड खोडातून क्रूस कोरायचा. त्याचे क्रूस मी सकाळी केदाइनियाईच्या संग्रहालयात पाहिले होते. माणसाहून उंच, आणि खोड इतके भरगच्च कोरलेले की क्रूसाची आडवी फळी आधी दिसतच नाही. आधी दिसतात मेरी, संत, देवदूत आणि त्यांच्याभोवती सुटलेले किरण. संतांचे चेहरे रुंद, गालफाडे वर आलेली, मिशा झुपकेदार. शेजारच्या शेतातून उठून आलेली माणसेच ती. उन्हापावसाने लाकूड राखाडी झाले आहे आणि घड्यांच्या खोबणींत जुन्या निळ्या रंगाची एखादी रेघ अजून तग धरून आहे. लिथुएनियाची ही क्रूस घडवण्याची कला २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. स्विर्स्किसने ती बंदीच्या दिवसांत, लोकांच्या ओसरीवर बसून जपली.

पाबेर्झे हे चर्च, काही घरे आणि शिलिंग घराण्याचा एक वाडा एवढेच गाव. इथला पाद्री अंतानास मात्सकेविच्युस याने मार्च १८६३ मध्ये याच चर्चमध्ये उठावाची हाक दिली आणि आपल्या माणसांना घेऊन तो रानात गेला. त्याला पकडून २८ डिसेंबर १८६३ रोजी कौनासमध्ये फाशी दिले. वाड्यात आता त्या उठावाचे संग्रहालय आहे.

पण आज लोक पाबेर्झेला येतात ते दुसऱ्याच एका पाद्र्यासाठी. फादर स्तानिस्लोवास हा कापुचिन साधू, १९१८ चा जन्म. स्टालिनच्या काळात त्याला अटक होऊन तो उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या वोर्कुताच्या छावण्यांत गेला. सुटून आल्यावरही त्याचे प्रवचन सत्तेला झेपेना, तेव्हा त्याला एका गावातून दुसऱ्या गावात हलवत राहिले. १९६६ साली तो पाबेर्झेला आला. इतक्या आडबाजूला त्याचे कोण ऐकणार, असा हिशेब असावा. झाले उलटेच. विल्नियस-कौनासहून लेखक, चित्रकार, विद्यार्थी येऊ लागले. दारूच्या आहारी गेलेले, नशेत बुडालेले, घरच्यांनी हाकललेले तरुण आले. त्याने त्यांना जेवण दिले, झोपायला जागा दिली.

चर्च बंद होते. शेजारच्या घरातून सत्तरीच्या एक बाई एप्रनला हात पुसत किल्ली घेऊन आल्या. भाचीने नमस्कार केला तेव्हा त्या खुलल्या आणि आधी आम्हाला पाद्र्याच्या घरात घेऊन गेल्या. तिथे भिंतीवर सूर्य आहेत. पत्र्याचे, पितळेचे, तांब्याचे. फादर टाकाऊ धातू गोळा करून ते घडवत असत. मधला गोल ठोकून फुगवलेला, कडेने कात्रीने कापलेले किरण, काही सरळ, काही आगीसारखे वळलेले. एकाच्या कडेला जुन्या ताटाचा काठ तसाच होता. मी जवळ जाऊन पाहिले तर हातोडीचा प्रत्येक ठोका वेगळा मोजता येत होता. बंद पडलेल्या चर्चमधली जुनी उपासनेची वस्त्रेही तो जमवत असे. फाटलेल्या रेशमाला, उसवलेल्या जरीला त्याने आपल्याकडे ठेवून घेतले. वोर्कुताच्या बर्फातून आलेल्या माणसाने सूर्य घडवावेत, याचे मला जराही नवल वाटले नाही. त्याने ते इतक्या भंगारातून घडवावेत आणि त्याच्याकडे आलेल्या माणसांनाही तसेच, भंगारात न काढता, हाताशी धरावे, हे मात्र पाहून गळा दाटून आला. १९९० साली त्याने पाबेर्झे सोडले, म्हातारपणी परत आला आणि २००५ साली वारल्यावर इथेच पुरला गेला.

बाईंना मी भाचीकरवी विचारले, तुमच्यानंतर किल्ली कोणाकडे? प्रश्न उगाच नव्हता. १९९० साली या देशाची लोकसंख्या ३६ लाखांच्या वर होती, आता २९ लाखांच्या आसपास आहे. तरुण माणसे आयर्लंड, नॉर्वे, जर्मनीकडे गेली. वाडा सरकारी पैशाने दुरुस्त होईल, छपरासाठी युरोपातून निधीही येईल. पण किल्ली कोणाच्या खिशात राहील हे कोणत्याच अंदाजपत्रकात बसत नाही. बाई म्हणाल्या, मुलगा परदेशी आहे, तो काही येणार नाही. पलीकडच्या घरातली एक मुलगी, आठवीत आहे, ती शनिवारी फुले बदलायला येते. तिला सगळे दाखवून ठेवले आहे. फक्त कुलूप अजून उघडत नाही तिच्याने. ते आधी जरा वर उचलावे लागते, मग किल्ली फिरते. हिवाळ्यापर्यंत जमेल, असे म्हणून त्यांनी चर्चचे दार उघडून दाखवले, आणि मग भाचीलाही एकदा उघडून पाहायला लावले.