रामगिरीच्या वाटेवर काळा पहाड

घरी वाचायच्या पुस्तकांची जात निराळी आणि प्रवासात वाचायच्या पुस्तकांची निराळी. घरचे पुस्तक शालीन असते. आपण सवड काढून त्याच्याकडे जावे लागते. प्रवासातल्या पुस्तकाला असला संकोच परवडत नाही. शेजाऱ्याचा कोपर लागत असतो, कंडक्टरचा सुट्या पैशांवरून कोणाशी तरी वाद चाललेला असतो, पुढच्या बाकावरचे मूल भोकाड पसरून बसलेले असते. एवढ्या गदारोळात जे वाचकाचा कान धरून त्याला जागेवर बसवते, तेच खरे प्रवासी पुस्तक. या कसोटीला रहस्यकथेइतके दुसरे काही उतरत नाही, असे माझे नम्र मत आहे.

गेल्या आषाढात नागपूरहून रामटेकला निघालो, तेव्हा माझ्या पिशवीत दोन पुस्तके होती. एक ‘मेघदूत’ आणि दुसरे बर्डीच्या फूटपाथवर घेतलेले, बाबूराव अर्नाळकरांच्या काळ्या पहाडाचे एक जीर्ण पुस्तक. सोबतीला आमच्याच महाविद्यालयातले संस्कृतचे ज्येष्ठ सहकारी होते. गणेशपेठेच्या स्थानकावरून गाडी सुटली आणि मी दुसरे पुस्तक बाहेर काढले, तसा त्यांचा चेहरा कडू झाला.

“काय हो, निघालात रामगिरीला आणि हातात हा कुठला पहाड?”

“सर, तो रामगिरी वर गेल्यावर. तोवर हाच बरा!”

पावसाने खिडक्या बंद होत्या. बाहेर पाहण्यासारखे काही नाही आणि आत पाहण्यासारखे मुळीच काही नाही, अशा वेळी अर्नाळकर देवासारखे धावून येतात. 1906 साली जन्मलेल्या आणि 1996 साली निवर्तलेल्या या लेखकाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या. काळा पहाड, झुंजार, धनंजय आणि त्याचा छोटू ही माणसे माझ्या वडिलांच्या पिढीला नात्यातल्या माणसांइतकी परिचयाची होती. माझ्या कॉलेजच्या दिवसांत त्यांची जागा सुहास शिरवळकरांच्या दारा बुलंदने आणि मंदार पटवर्धनने घेतली होती. वर्गात आम्ही वाङ्मयाचा इतिहास शिकवतो. त्यात या मंडळींना मिळणारी जागा त्यांच्या वाचकांच्या मानाने फारच तोकडी. आणि तरी जाड पुस्तकांपर्यंत पोहोचलेल्या कितीतरी वाचकांना पान उलटायची सवय प्रथम या बारक्या पुस्तकांनी लावली, हे विसरून कसे चालेल?

कामठी गेले, कन्हानचा पूल गेला. मॅंगनीजच्या खाणींचे मानसर आले आणि जबलपूरचा हमरस्ता सोडून गाडी रामटेककडे वळली, तेव्हा खुनी सापडला होता. पन्नासएक किलोमीटरच्या या प्रवासाला असे पुस्तक अगदी मापाने बेतल्यासारखे बसते.

गावामागची टेकडी ढगात अर्धी बुडाली होती. गडावरचे दरवाजे ओलांडत, माकडांपासून पिशवी सांभाळत आम्ही चढलो. आधी लक्ष्मणाचे मंदिर, त्याच्यामागे रामाचे. खाली अंबाळा तलाव, दूर खिंडसीचे पाणी. सरांनी ‘मेघदूत’ उघडले. कालिदासाचा यक्ष वर्षभराची शिक्षा भोगत ज्या रामगिरीवर राहिला, तो हाच, असे विदर्भातले प्रत्येक पोर सांगते. पण माझ्या डोक्यातून काळा पहाड अजून उतरला नव्हता. मला वाटले, पुरावा काय?

रामगिरीचे हे प्रकरण खरोखरच रहस्यकथेसारखे आहे. प्रसिद्ध टीकाकार मल्लिनाथाने रामगिरी म्हणजे चित्रकूट असे लिहून ठेवले. पण चित्रकूट नर्मदेच्या उत्तरेला. तिथून उत्तरेकडे निघालेल्या मेघाला वाटेत नर्मदा भेटणार कशी? काव्यात तर ती भेटते आणि तिच्यानंतर विदिशा येते. गुप्तहेराच्या भाषेत सांगायचे तर इथे चित्रकूटाची जबानी फुटते. छत्तीसगडातल्या सरगुजाकडचा रामगढ हा दुसरा दावेदार. तिथे सीताबेंगरा आणि जोगीमारा ही प्राचीन लेणी आहेत आणि त्याच्या बाजूने बोलणारे अभ्यासकही आहेत.

रामटेकची बाजू नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी (1893–1985) मांडली. त्यांचा बिनतोड साक्षीदार म्हणजे एक ताम्रपट. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात दिलेली. पतीच्या मृत्यूनंतर लहान मुलांच्या वतीने तिने राज्य चालवले. अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धपूरला सापडलेला तिचा ताम्रपट रामगिरीच्या स्वामीच्या पायांपाशी दिलेला आहे. आणि ‘मेघदूता’तल्या रामगिरीच्या उतारावरही रामाची पावले उमटलेली आहेत! एकमेकांना न विचारता दोन साक्षीदार एकच खूण सांगतात, तेव्हा कोणताही गुप्तहेर कान टवकारील.

पुढचे धागेही इथेच आसपास सापडले. 1980 च्या दशकात टेकडीवरच्या केवल नरसिंहाच्या मंदिरात चुन्याच्या जाड थराखालून वाकाटककालीन शिलालेख उजेडात आला. जवळचे नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. तिथे 2015 ते 2018 या काळात झालेल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली.

एवढे सगळे जुळल्यावर निकाल देऊन टाकावा, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटते. परंतु मी पडलो नागपूरचा. रामगिरी रामटेकच ठरावा ही माझी आधीपासूनची इच्छा. रहस्यकथेत ज्याला निकालाची घाई असते, त्याच्यावर वाचकाने नजर ठेवायची असते. ताम्रपटावरून एवढेच सिद्ध होते, की वाकाटकांच्या राज्यात रामगिरी नावाचे पूज्य स्थान होते, आणि ते ही टेकडी असावी याला बळकट आधार आहे. कालिदास स्वतः इथे उभा राहिला होता, हे सांगणारा कागद, तांबे की दगड अजून कोणाच्या हाती नाही.

मी हे बोलून दाखवले. सरांनी पुस्तक मिटले.

“म्हणजे तुम्हाला शंका आहे?”

“शंका नाही, सर. शेवटचे पान मिळालेले नाही, एवढेच.”

त्यांनी समोर बोट दाखवले. खिंडसीवरून एक काळा ढग टेकडीला टेकत टेकत उत्तरेकडे सरकत होता. “याहून कसला पुरावा हवा तुम्हाला?” ते म्हणाले.

कायद्यात हा पुरावा टिकणार नाही. पण त्या क्षणी माझ्याजवळ उत्तर नव्हते, हेही तितकेच खरे.

दिवाळी आटोपली, की त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकची यात्रा भरते आणि गडावर दिवे लागतात. मुलाबाळांसह जरूर जा. केवल नरसिंह, रुद्र नरसिंह आणि वराह ही वाकाटकांची देवस्थाने घाईत चुकवू नका. उतरल्यावर गावातले विड्याचे पान खा. आणि जाताना मुलांच्या हाती एखादी रहस्यकथा अवश्य द्या. वर पोहोचल्यावर ती तुम्हाला ‘हे कशावरून?’ म्हणून विचारतील. तेवढी तयारी मात्र घरूनच करून निघा.