पट तीस, हजर अकरा

कामण,
कार्तिकी पौर्णिमा

चि. बायस,


‘पट तीस, हजर अकरा’ असं तू मोखाड्याहून कळवलंस. भातकापणी उरकली, दिवाळी झाली, की हे व्हायचंच. मुकादमाचा बयाणा खर्चून गेलेला असतो; मग भांडीकुंडी घेऊन टेम्पोत बसायचं, पोरंही सोबत. तुझी बरीचशी गैरहजर पोरं इकडे वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर असतील. तिकडून आलेली अशी पोरं माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहायची.

माझी एक चूक सांगते. नऊ वर्षांची एक कातकरी मुलगी अशीच आली. दाखला नाही, तोंडातून शब्द नाही. मी तिला पहिलीत बसवलं. आठ दिवस तिनं मान वर केली नाही. मग एकदा भट्टीवर गेले, तर ती उन्हात कच्च्या विटा उलटत होती आणि बापाला सांगत होती, हजाराला साठ कमी. मजुरी हजारावर, त्यामुळे हिशेब तिच्या बोटांवर. आमच्या तिसरीतल्या पोरांना तेव्हा हातचा जमत नव्हता!

दुसऱ्याच दिवशी तिला तिसरीत आणलं, फळ्यावर विटांची थप्पी काढली आणि खडू तिच्या हाती दिला. वाचनात ती मागे होती. त्यासाठी रोज अर्धा तास वेगळा.

2010 पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदाही हेच सांगतो: वर्ग वयाप्रमाणे, राहिलेलं वेगळं शिकवून भरून काढायचं, दाखल्यावाचून अडवायचं नाही. त्याआधी विधायक संसद या संस्थेनं भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या; शाळाच पोरांमागे गेली. आता पोरामागे निदान कागद तरी जावा.

म्हणून स्थलांतर करणाऱ्या पोरासोबत द्यायचं शिक्षण हमी पत्रक नुसतं नाव-इयत्ता लिहून देऊ नकोस. काय येतं, कुठे अडतं, घरी कुठली बोली, तेही लिही. त्या मुलीबद्दल एवढं कुणी लिहून धाडलं असतं, तर तिचे ते आठ दिवस वाचले असते.

आणि एक कर. एकोणीस पोरं कुठकुठल्या भट्ट्यांवर गेलीत, ते पाड्यावर विचारून कळव. कामणच्या बाजूला असतील, तर मी बघून येते. गुडघे कुरकुरतात, पण भट्ट्या लांब नाहीत.

तुझी,
आत्या