पटत नाही, पुन्हा मोजावे

रद्दी विकताना माणसाने चष्मा लावावा, हा धडा मी फार महागात शिकलो. महागात म्हणजे पैशांच्या हिशेबाने नव्हे. त्या दिवशी उलट मलाच पैसे मिळाले होते.

वडिलांना जाऊन वर्ष झाले होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. दिंडोरीतले आमचे जुने धाब्याचे घर पाडून स्लॅबचे बांधायचे ठरले आणि सामान हलवण्याची घाई सुरू झाली. नानांच्या पत्र्याच्या पेटीत जुनी पाठ्यपुस्तके, वह्या आणि पंचांगे यांचे गठ्ठे होते. वरच्या गठ्ठ्याला वाळवी लागलेली दिसली. "अहो, एकदा नीट पाहून तरी घ्या," असे सौभाग्यवतींनी सुचवले. "पंचांगेच तर आहेत सगळी," मी म्हणालो. रद्दीवाल्याने तराजू उचलला. तीन पोती भरली. चार दिवसांनी भाड्याच्या घरात मांडामांड करताना लक्षात आले, की त्या गठ्ठ्यांत शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे 'भारतीय ज्योतिषशास्त्र' होते. १९३१ सालची दुसरी आवृत्ती. आजोबांनी घेतलेली, नानांनी जपलेली आणि मराठी विषय घेऊन एम.ए. झालेल्या मुलाने किलोच्या भावाने विकलेली! धावत गेलो, तोवर माल नाशिकला रवाना झाला होता.

ज्योतिष हा शब्द पाहून वाचकांनी पान उलटू नये. कुणाचे लग्न केव्हा जमेल, हे सांगणारा हा ग्रंथ नव्हे. आपल्या देशातल्या माणसांनी आकाश कसे मोजले, वेदकाळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत कोणी कोणते गणित मांडले, त्याचा हा इतिहास आहे. दीक्षित १८५३ साली कोकणात मुरूडला जन्मले. पेशा शिक्षकाचा, विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. पुण्याच्या दक्षिणा प्राइझ कमिटीच्या पारितोषिकाच्या निमित्ताने त्यांनी हा विषय हाती घेतला आणि १८९६ साली पाचशेहून अधिक पानांचा ग्रंथ छापून बाहेर आला. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर लिहिलेले भारतीय कालगणनेवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तकही निघाले. १८९८ साली, वयाची पंचेचाळीस वर्षेही पुरी झाली नसताना, ते गेले. माझे वय आज तेवढेच आहे. माझ्या नावावर दोन गाइडे आहेत.

नानांनी हे पुस्तक कधी देव्हाऱ्यात ठेवले नाही. ते त्याला धाब्यावर नेत. तालुक्यातल्या प्राथमिक शाळेत शिकवणारा हा माणूस रात्रीची जेवणे झाली, की एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात बॅटरी घेऊन शिडी चढे. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद बांधलेला असे. पांढऱ्या उजेडाने डोळे दिपतात आणि तारे दिसेनासे होतात, म्हणून. धाब्याच्या कठड्यावर त्यांनी चुन्याची एक रेघ ओढली होती. २१ मार्चच्या सकाळी सूर्य जिथे उगवला, ती ही ठीक पूर्व. मोजायला हत्यार एकच: हात ताठ पुढे करून वळलेली मूठ. एक मूठ म्हणजे सुमारे दहा अंश.

दिवाळीत लक्ष्मीपूजन आटोपले, की मला वर बोलावणे येई. कार्तिक महिन्याला ज्यांच्यावरून नाव पडले, त्या कृत्तिका त्या सुमारास उगवतात. आमच्याकडून पाहिले तर धोडपच्या उजव्या अंगाला, चांदवडकडच्या डोंगररांगेच्या दिशेला तो चिमुकला झुबका वर येतो. "रेघेपासून मोज," नाना म्हणत. मी मुठी ठेवी. डावीकडे, म्हणजे उत्तरेच्या अंगाला, अडीच मुठी भरत. मग ते दीक्षितांचे पान उघडून दाखवत. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असा उल्लेख आहे.

"मग ते लिहिणारा चुकला का, नाना?"

"तोही चुकला नाही आणि तूही चुकला नाहीस. मधे पृथ्वी हलली."

पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा संथ डुलतो. एक फेरी पुरी व्हायला सुमारे २६ हजार वर्षे लागतात, आणि त्या डुलण्याने ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा सरकत जातात. दीक्षितांनी उलटा हिशेब मांडला: कृत्तिका ठीक पूर्वेला केव्हा उगवत होत्या? उत्तर आले, इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपास. पुढच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतले. त्या वाक्याचा अर्थ इतका काटेकोर घ्यावा का? निरीक्षण जुने आणि ते नोंदवणारा ग्रंथ नंतरचा, असे का नसावे? वाद अजून मिटलेला नाही. पण एका शिक्षकाने एका वाक्यातून काळ मोजायला घेतला, ही गोष्ट मला नऊ-दहा वर्षांच्या वयात थेट धाब्यावर कळली.

त्याच पानाच्या समासात नानांच्या हातची पेन्सिलीची ओळ होती: 'पटत नाही. पुन्हा मोजावे.' काय पटत नव्हते, ते मी कधी विचारले नाही. मुलगे असले प्रश्न वेळेवर विचारत नाहीत.

पुस्तक गेल्यावर मला त्या ओळीने छळले. नवी प्रत मिळवावी म्हणून नाशिकला एका दुकानात गेलो. नाव ऐकताच विक्रेता अदबीने म्हणाला, "राशिभविष्याची सगळी पुस्तकं त्या बाजूला, सर." पुढे कितीतरी दिवसांनी पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक पुनर्मुद्रण सापडले. बसमध्येच ते पान उघडले. समास कोरा होता! पुनर्मुद्रणात समास कोराच असणार, हे काय मला कळत नव्हते? पण क्षणभर कुणीतरी नानांना खोडून टाकले, असे वाटले खरे.

तेव्हापासून मी एक प्रश्न उगाळतो आहे. विज्ञान तर रोज पुढे जाते. मग त्याची जुनी पुस्तके पुन्हा छापायचीच कशाला? पाटबंधाऱ्याचा इंजिनिअर काही शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक उघडून धरण बांधत नाही. ज्यांना ही पुस्तके छापावीशी वाटतात, त्यांतले काही तर 'आमच्या पूर्वजांना सारे ठाऊकच होते' हे सांगण्यासाठीच छापतात. दीक्षितांचा त्याला उपयोग नाही. आधी मोजा आणि मग बोला, अशी त्या माणसाची शिस्त.

दुसरे काहीजण म्हणतात, छापा, पण चुका दुरुस्त करून. मला वाटते, हे त्याहून वाईट. दीक्षितांच्या हयातीत सूर्याभोवतीचे ग्रह आठ होते. १९३० साली प्लूटो सापडला आणि नऊ झाले. त्या वेळी एखाद्या उत्साही संपादकाने जुन्या पुस्तकांतल्या आठाचा नऊ केला असता, तर २००६ साली त्याच्या वारसाला पुन्हा खोडरबर शोधावे लागले असते. प्लूटोला त्या वर्षी पंक्तीतून उठवले आणि जुनी पुस्तके बसल्या जागी पुन्हा बरोबर ठरली!

न्यूटनने प्रकाशावर लिहिलेला 'ऑप्टिक्स' हा ग्रंथ १७०४ चा. नानांची आवृत्ती ज्या १९३१ साली निघाली, त्याच वर्षी लंडनला तो पुन्हा छापला गेला आणि त्याला प्रस्तावना होती आइन्स्टाइनची. पुढे १९५२ साली न्यूयॉर्कच्या डोव्हर या प्रकाशनाने त्याची स्वस्त आवृत्ती काढून तो विद्यार्थ्यांच्या हाती दिला. प्रकाशाविषयीची न्यूटनची मते तोवर कितीतरी बदलली होती. पण मजकुराला कुणी हात लावला नाही. प्रस्तावना पुढे जोडली, मूळ तसेच ठेवले. पाहुण्याने यजमानाच्या घरात वागावे, तसे.

आपल्याकडे दीक्षितांचा हिंदी अनुवाद १९५७ साली लखनौहून निघाला. केंद्र सरकारच्या हवामान खात्याने इंग्रजी अनुवाद १९६९ आणि १९८१ साली दोन भागांत काढला. आणि ही एकाच ग्रंथाची कथा. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचा एक अख्खा प्रस्तावनाखंड 'विज्ञानेतिहास' या विषयाला दिला होता. तो पाहिलेला विद्यार्थी मला वर्गात अजून भेटायचा आहे. कायद्याची अडचण नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. जुन्या ग्रंथांच्या प्रती आज संगणकाच्या पडद्यावरही पाहता येतात. पण पडदा धाब्यावर नेला की डोळे दिपतात. तिथे लाल जिलेटिन चालत नाही, कागदच लागतो.

मात्र छापायचे तर नीट छापावे. फिकट प्रतीवरून उचललेले एक पुनर्मुद्रण माझ्या पाहण्यात आहे; त्यात पाच आणि सहा हे आकडे ओळखू येत नाहीत. कवितेत एखादे अक्षर गेले तर रसिक भरून काढतो; गणितात आकडा गेला तर सारेच गेले. पहिल्या आवृत्तीचे साल ठळक छापावे. आज काय बदलले, त्याच्या टिपा शेवटी द्याव्यात. शब्दसूची द्यावी. आणि समास रुंद ठेवावा. रुंद समासाची मागणी मी विशेष आग्रहाने करतो.

गेल्या वर्षी २१ मार्चच्या पहाटे मी आठवीतल्या मुलीला उठवून स्लॅबवर नेले. नानांची रेघ जुन्या घराबरोबर गेली होती, पण सूर्य आपल्या जागी आला. आम्ही ऑइल पेंटने नवी रेघ ओढली. दिवाळीत लक्ष्मीपूजनानंतर पुनर्मुद्रण घेऊन वर गेलो. कृत्तिका दिसल्या. तिने मुठी ठेवल्या. अडीच! मी नानांच्या थाटात पान उघडून सगळे समजावून सांगितले. ती ऐकत होती, पण नजर क्षितिजावरच होती.

"बाबा, पण आपल्याला त्या दिसल्या तेव्हा त्या उगवून बऱ्याच वर आल्या होत्या. खाली तर धूळच आहे. आणि तारे सरळ वर चढत नाहीत, तिरके चढतात. मग त्या जुन्या माणसांना तरी ठीक उगवतानाची जागा कशी दिसली असेल?"

मी गप्प झालो. नानांना पटत नव्हते ते हेच का? की आणखी काही? ते आता कळायचे नाही. पण त्या पानावर तीस-पस्तीस वर्षांनी पुन्हा कुणीतरी अडले होते, आणि ते पान पुन्हा छापलेले होते म्हणूनच अडता आले होते.

"लिही," मी म्हणालो, "इथेच, समासात लिही."

"पुस्तकावर?" तिने अविश्वासाने पाहिले. शाळेत तिला हेच करू नकोस म्हणून सांगतात.

"पुस्तकावरच. पेन्सिलीने."

ती खाली धावली. बऱ्याच वेळाने जिन्यातून तिच्या आईचा आवाज आला, "अहो, प्राध्यापकाच्या घरात एक धड पेन्सिल असू नये?"