क्लिनिकलची भीती: शिकाऊ सिस्टरच्या बाजूने थोडं

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात कुणी नर्सिंगला आहे त्यांनी, आणि ज्यांच्या घरातलं कुणीतरी कधी ना कधी ॲडमिट होणार आहे त्यांनी, म्हणजे आपण सगळ्यांनीच, वेळ काढून वाचावी.

मी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव गडहिंग्लज तालुक्यात, शिक्षण कोल्हापुरात. फी उसाच्या बिलातून आणि कमी पडली तर सोसायटीच्या कर्जातून भरली जाते. असं घर सांगितलं की इथल्या माणसाला पुढचं वेगळं सांगावं लागत नाही. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलींचं क्लिनिकल पोस्टिंग लागायची वेळ आली की होस्टेलच्या जिन्यात कुणीतरी मला गाठतं आणि हळूच विचारतं, "ताई, सगळ्यांनाच असं होतं का?"

असं म्हणजे काय, ते सांगते. रात्री झोप नाही. पहाटे पोटात कळ. युनिफॉर्म अंगात घातला की तळहाताला घाम. पुस्तकातलं सगळं पाठ असतं, पण वॉर्डच्या दारात आलं की डोकं कोरं होतं. बीपी बघताना स्वतःच्याच छातीतले ठोके कानात वाजतात. आणि मनात एकच: माझ्या हातून कुणाचं काही झालं तर?

हो, सगळ्यांना होतं. मलाही झालं. पहिल्या सेमिस्टरला बॅग भरून मी एसटी स्टँडपर्यंत जाऊन बसले होते. गारगोटीची गाडी लागली, गडहिंग्लजची लागली, मी उठले नाही. घरी जाऊन आईला काय सांगायचं, हे सुचेना म्हणून परत आले. धाडस वगैरे काही नव्हतं.

या भीतीबद्दल आपल्याकडे दोनच बोललं जातं. एक, "सवय होईल." दोन, "जमत नसेल तर कशाला आलीस?" दोन्हीचा उपयोग नाही. म्हणून चार वर्षांत मला आणि माझ्या रूममधल्या दोघींना कशाने फरक पडला, ते लिहिते.

पहिलं म्हणजे खाणं. हसू नका. सकाळी सातला युनिफॉर्म, आठला वॉर्ड, आणि भीतीने घास उतरत नाही म्हणून पोट रिकामं. मग ड्रेसिंग बघताना चक्कर येते आणि मुलीला वाटतं, मी या कामाची नाही. अगं, तू उपाशी आहेस! आम्ही तिघींनी नियम केला, चहा-चपाती नाहीतर मूठभर भडंग, पण पोटात काहीतरी टाकल्याशिवाय खोलीचं दार उघडायचं नाही. अर्ध्या चकरा तिथंच थांबल्या.

दुसरं, हिशेब. "औषध चुकेल" ही भीती मोठी वाटते, कारण ती धूसर असते. ती कागदावर आणली की तिचा आकार कळतो. ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचं आहे, सेट १ मिलीला २० थेंबांचा आहे, तर मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, भागिले २४० मिनिटं, म्हणजे साधारण ४२. रोज रात्री अशी पाच गणितं करायची. महिन्याभराने हात आपोआप चालतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना एक खास सांगते: गणिताला इंग्रजी लागत नाही. व्हायवात अडखळलात तरी थेंब बरोबर मोजता येतात.

तिसरं, नाव विचारणं. बरोबर पेशंट, बरोबर औषध, बरोबर डोस, बरोबर मार्ग, बरोबर वेळ, हे पाच नियम पहिल्या वर्षीच शिकवतात. पण आपल्या जिल्ह्यात पहिलाच नियम सगळ्यात अवघड. एका वॉर्डात तीन पाटील, दोन कांबळे आणि दोन चौगुले सहज असतात. "तुम्ही पाटील ना?" असं विचारलं की गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. म्हणून विचारायचं, "काका, तुमचं पूर्ण नाव सांगा." मग हातातला कागद बघायचा, मग औषध. नातेवाईक वैतागतात, "किती वेळा नाव विचारताय?" विचारू द्या हो. ते तुमच्याच माणसासाठी आहे.

चौथं, एक वाक्य. "मॅडम, हे मी पेशंटवर आधी केलेलं नाही. तुम्ही शेजारी उभ्या राहाल का?" हे वाक्य मी आरशासमोर म्हणून पाठ केलं, कारण ऐनवेळी तोंडातून फुटत नव्हतं. कधी उत्तर येतं, "थांब, येते." कधी येतं, "कॉलेजात काय झोपा काढता?" पण दोन्ही वेळा कुणीतरी शेजारी येतंच. बोलणी खाऊन घ्यावीत, पण न येणारं काम एकटीने करू नये. आणि सुई टोचली तर बोलण्यांच्या भीतीने लपवू नका. साबण-पाण्याने धुवा, दाबून रक्त काढत बसू नका, लगेच इन्चार्जना सांगा. एचआयव्ही टाळायचं औषध जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. हिपॅटायटीस बीची लस तर पोस्टिंगच्या आधीच घेतलेली हवी.

पाचवं, रात्रीची बैठक. जेवण झालं की आम्ही तिघी अर्धा तास बसायचो. जिला जे झालं ते तिने सांगायचं. बाकीच्या दोघींनी सल्ला द्यायचा नाही, "त्यात काय एवढं" म्हणायचं नाही. माझ्या आठवणीत सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच.

आता एक चांगली आठवण. दुसऱ्या वर्षी मेडिसिन वॉर्डात सत्तरीचे एक आजोबा होते, कान मोडलेला, जुने तालमीतले. शीर शोधायची होती, मॅडम शेजारी होत्या आणि माझा हात थरथरत होता. त्यांचा मुलगा म्हणाला, "शिकाऊ नको, मोठ्या सिस्टरला बोलवा." आजोबांनी दंड पुढे केला. "घे गं पोरी. माझी शीर दोरखंडावानी हाय, हिच्यावर न्हाई शिकलीस तर कुठं शिकणार? आमाला बी वस्तादानं आदी मातीतच आपटलं हुतं." पहिल्या झटक्यात लागली. त्या दिवसानंतर हात थरथरला नाही असं नाही, पण थरथरणारा हातसुद्धा काम करतो, हे कळलं.

आणि एक अवघड आठवण. पहिला मृत्यू. एक आजी पहाटे गेल्या. त्यांचं आवरायला मी आणि एक जुन्या स्टाफ सिस्टर होतो. मला वाटलं होतं मी किंचाळेन. सिस्टरांनी पडदा ओढला, कोमट पाणी घेतलं आणि जिवंत माणसाशी बोलावं तसं बोलायला लागल्या. "आजी, तोंड पुसते हं. आता हात घेते." मग मला म्हणाल्या, "तू पण बोल. बोललीस की भीती वाटत नाही." मी बोलले. आजींच्या हातातल्या बांगड्या काढताना त्यांना विचारून काढल्या. बाहेर आल्यावर रडले, सिस्टरांनी रडू दिलं. हे कुठल्या पुस्तकात मला सापडलं नव्हतं.

इथपर्यंत सगळं आमचं आम्ही करायचं. पण ही भीती फक्त आमच्या डोक्यातून येते, असं म्हणून विषय मिटवता येणार नाही. म्हणूनच ही पोस्ट इथं, सगळ्यांसमोर टाकतेय.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांत एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असं प्रमाण दिलं आहे. कागदावर छान आहे. मी ज्या वॉर्डांत पोस्टिंग केलं (नावं लिहीत नाही, कुणा एकाला टार्गेट करायचं नाही), तिथं कित्येक सकाळी आमच्या शिक्षिका दोन मजल्यांवर वाटलेल्या असायच्या आणि स्टाफ सिस्टर एकटी तीस-पस्तीस पेशंट सांभाळायची. तिने शिकवायचं कधी? मग विद्यार्थिनी म्हणजे फुकटचे हात. बेड करा, रिपोर्ट आणा, ट्रॉली पुसा. ही कामंही आमचीच आहेत, त्याला ना नाही. पण दिवसभर तेच केलं आणि शिकवणारं कुणी भेटलंच नाही, तर शेवटच्या वर्षीही हात कापणारच. अशा वेळी "आजकालच्या पोरी नाजूक" म्हणणं सोपं आहे. वॉर्डात शिक्षिका उभी करणं खर्चाचं आहे.

दुसरी भीती, आपल्यावर ढकललं जाण्याची. ६ नोव्हेंबर २०२१ ला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, ११ रुग्ण गेले. नंतर झालेल्या अटकेत परिचारिकाही होत्या आणि परिचारिकांच्या संघटनांनी त्याचा निषेध केला. दोष कुणाचा, ते ठरवणारी मी नाही. पण वायरिंग, इमारत, यंत्रणा यांतलं काहीच जिच्या हातात नसतं, तीही आधी पकडली जाऊ शकते, हे आम्ही विद्यार्थिनी बघत असतो. मग आमच्या पोटात कळ येते ती उगाच नसते.

तिसरी भीती आमच्या आयांना असते, त्या बोलून दाखवत नाहीत. मुंबईच्या केईएममध्ये २७ नोव्हेंबर १९७३ ला अरुणा शानबाग या परिचारिकेवर त्याच रुग्णालयातल्या कर्मचाऱ्याने हल्ला केला. ड्युटी संपवून त्या कपडे बदलायला गेल्या होत्या. पुढे ४२ वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या, १८ मे २०१५ ला गेल्या. इतकी वर्षं त्यांना केईएमच्याच परिचारिकांनी सांभाळलं. ज्यांनी अरुणाताईंना कामावर कधी पाहिलंही नव्हतं, अशा पुढच्या पिढ्यांच्या मुलींनी त्यांना भरवलं, पुसलं, कूस बदलली. दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली तेव्हाही त्या विरोधात उभ्या राहिल्या आणि ७ मार्च २०११ ला न्यायालयाने ती याचिका फेटाळली. नर्सिंग म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी हे सांगते. पण त्याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की ५० वर्षांनंतर, ९ ऑगस्ट २०२४ ला, कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका डॉक्टर मुलीचा ड्युटीवर असताना बलात्कार करून खून झाला. नाइट पोस्टिंग लागलं की घरून रात्री दहाला फोन येतो तो यामुळे. कपडे बदलायला कडी लागणारी खोली, जिन्यात दिवा, रात्री होस्टेलपर्यंत गाडी, एवढं मागणं लाडाचं नाही.

आणि कोल्हापूरकरांनो, थोडं आपल्याबद्दल. आपल्या सीपीआरचं जुनं नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. ज्या काळात बाईने घराबाहेर पडणं अवघड होतं त्या काळात कृष्णाबाई केळवकर तिथं डॉक्टर म्हणून उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या शिक्षणामागे शाहू महाराज होते. महाराजांचं नाव आपण उठता-बसता घेतो. मग वॉर्डात वीस वर्षांच्या पोरीला "ए, इकडं ये" म्हणताना, मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढताना, पेशंट सीरियस झाला की तिच्या अंगावर धावून जाताना ते नाव कुठं जातं? डॉक्टर, परिचारिकांवर हात उचलणं हा राज्यात २०१० च्या कायद्याने अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा कशाला सांगायला लागावा? शिकाऊ मुलगी नको वाटली तर तसं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त ते "सिस्टर, मोठ्या मॅडमना बोलवता का?" असंही सांगता येतं. तेवढ्याने तिची ती रात्र झोपेची होते.

माझ्या मागण्या थोडक्यात लिहिते.

कॉलेजांना: पहिल्या महिन्यात तरी प्रत्येक वॉर्डात शिक्षिका प्रत्यक्ष उभी असू द्या. रागवा, पण पेशंटसमोर नको.

हॉस्पिटलांना: विद्यार्थ्यांना मनुष्यबळात मोजू नका.

आईबापांना: मुलगी "मला जमत नाही" म्हणाली तर फीचा आकडा लगेच काढू नका. तो तिला पाठ आहे. आधी जेवलीस का विचारा.

आणि पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना: भीती वाटते म्हणजे समोरचा माणूस आहे हे तुम्हाला कळतंय. पण आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, जेवण जात नसेल, जगायला नको वाटत असेल, तर ती पोस्टिंगची नेहमीची धाकधूक राहिलेली नाही. तेव्हा वाट बघू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. आपणच पेशंटला "अंगावर काढू नका" म्हणतो, तेच आपल्याला लागू आहे.

शेवटच्या वर्षाच्या आम्ही काही जणी पहिल्या वर्षाच्या मुलींसोबत पहिले आठ दिवस सकाळी वॉर्डाच्या दारापर्यंत जायचं ठरवतोय. बाकीच्या कॉलेजांतल्या सीनियर्सनीही हे करून बघा. खर्च काही नाही, फक्त अर्धा तास लवकर उठावं लागतं.