परत वळू नये

२५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात प्रशिक्षणाचे सेस्ना १५२ विमान कोसळले. शिकाऊ वैमानिक बचावली. आमची कन्याही तेव्हा तसलेच विमान चालवायला शिकत होती. रात्री फोनवर आम्ही दोघांनी विचारले, इंजिन बंद पडले तर?

"नाक खाली. ६० नॉटचा वेग राखायचा, मग शेत निवडायचं."

नाक वर ओढले, तर वेग घटतो आणि पंखांचा आधार सुटतो. हजार फुटांवरून जेमतेम पावणेतीन किलोमीटर तरंगता येते. 'पतन' हा शब्द आम्ही वर्गात वर्षानुवर्षे केवळ नीतीच्या अंगाने शिकवला!

"आणि उड्डाण होताच बंद पडलं तर?"

"समोर दिसेल तिथेच उतरायचं. तेवढ्या उंचीवरून धावपट्टीकडे परत वळायचं नाही, आई."

घराबाहेर पडताना तिला आम्ही नेहमी 'लवकर परत ये' एवढेच सांगत आलो होतो.