मिस्त्रींचं देणं

आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा दाखला घेऊन बाहेर पडलो तेव्हा इंजिन खोलता येत होतं, जोडता येत होतं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, मात्र कळत नव्हतं. ते कळलं गोंदियातल्या एका वेल्डर मिस्त्रींमुळे. धानगिरण्यांचे फुटलेले बिडाचे भाग सांधण्यात त्यांचा जन्म गेला. नाव छापलेलं त्यांना रुचणार नाही, म्हणून नुसतं मिस्त्रीच म्हणतो.

आमचा जिल्हा तलावांचा. कोहळी समाजानं बांधलेले तलाव, त्यांत मासे धरणाऱ्या ढिवरांचे डोंगे. इंजिनाची बोट आली ती पर्यटकांसाठी, अलीकडे. त्यामुळे नवेगावबांधला एका बोटीच्या इंजिनाचा मॅनिफोल्ड, म्हणजे धूर गोळा करून नळीत सोडणारा बिडाचा भाग, तडकला तेव्हा विचारायचं कुणाला, हा प्रश्नच होता. बोटीवाल्यांचं म्हणणं, पुट्टी भरून आजचा दिवस काढू. मी तो भाग पिशवीत घालून गोंदिया गाठलं.

मला वाटलं होतं मिस्त्री लगेच रॉड पेटवतील. त्यांनी विचारलं, "काहून फुटला गा हा?" मला सांगता येईना. मग त्यांनीच एकेक विचारून काढून घेतलं. धुराच्या नळीचा आधाराचा पट्टा कधीचा तुटला होता. नळीचं सगळं ओझं आणि थरथर मॅनिफोल्डवर येत होती. त्यात तापल्या इंजिनावर बादलीनं पाणी मारायची बोटीवर सवय. नवा भाग बसवला असता तरी तोही तडकलाच असता.

पुट्टीचं ऐकून मात्र ते चिडले. पुट्टी सुटली की इंजिनाच्या पेटीत साचणारा धूर डोळ्यांना झोंबतो, एवढीच माझी समज. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते, आणि गुंगीतला माणूस उठून बाहेरही येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांनी भाग घासून रॉकेल लावलं, पुसलं, वर खडू फासला. खडूवर हळूहळू ओली रेघ उमटली; माझ्या नजरेला दिसली होती त्याहून चांगली बोटभर लांब. रेघेच्या दोन्ही टोकांना त्यांनी बारीक भोकं पाडली, म्हणजे चीर पुढे धावत नाही. मग खाच पाडून, भाग जाड पट्टीवर बोल्टांनी आवळून कोळशावर तापवला. निकेलचा रॉड इंचभर चालवायचा, थांबायचं, हातोडीनं हलकेच ठोकायचं, पुन्हा इंचभर. शेवटी सगळा भाग धानाच्या तुसाच्या राखेत पुरून ठेवला. बीड झपाट्यानं थंडावलं तर वेल्डिंगच्या कडेला कडक होऊन पुन्हा फुटतं; तुसाची राख ऊब धरून ठेवते, आणि गोंदियात तिला तोटा नाही.

दुसऱ्या दिवशी राखेतून काढल्यावरही त्यांनी तो माझ्या हाती दिला नाही. बसायची तोंडं एका पातळीत आहेत का, हे पट्टी लावून पाहिलं, एक किंचित उचललेलं होतं ते घासलं. बोल्ट मधून कडेला आवळत जायचं, हे बजावून सांगितलं.

पुढे सुट्टी मिळाली की मी त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो. शिकवणीचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. आज माझ्या हाताला जे थोडंफार काम आहे, त्यातलं बरंचसं त्यांचं आहे.

बोट चालवणाऱ्यांना मिस्त्रींच्याच वतीनं सांगतो: मॅनिफोल्डच्या जोडावर काजळी दिसली की बोट काठाला लावा, आधी नळीचा पट्टा पाहा आणि पुट्टीचा डबा दूर ठेवा.